छंद : पोस्टाची तिकिटं जमवणे

भाचीने बायोडेटा पाठवला. ती त्याला रेझ्युमे म्हणते, पण आमच्या तोंडात बायोडेटाच बसलेला. सोबत निरोप : "मामा, नजर टाक. आणि शेवटी छंद ठेवू की काढू ते सांग. सर म्हणतात काढ, सीनियर म्हणतात ठेव." शेवटची ओळ वाचली. ट्रेकिंग, फोटोग्राफी, वाचन. ही मुलगी आयुष्यात एकदा अंजनेरीवर गेली आहे. उतरल्यावर आठवडाभर जिना चढताना कण्हत होती.

हसलो खरा, पण हसण्याचा अधिकार मला नाही. माझा पहिला बायोडेटा 1995 सालचा. नाशिक रोडला एका टायपिंगच्या क्लासमध्ये बाईंनी करून दिला. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, विवाहित की अविवाहित. वर गणपतीचं नाव आणि खाली मामांचं गाव टाकलं असतं तर तोच कागद स्थळं बघायलाही चालला असता. सगळं झाल्यावर बाईंनी विचारलं, "हॉबीज काय टाकू?" मी गप्प. बाईंना सवय असावी. "रीडिंग, क्रिकेट, स्टॅम्प कलेक्शन टाकते. सगळ्यांचं तेच टाकते," म्हणाल्या आणि मशीन खडखडलं. म्हणजे त्या वर्षी नाशिक रोडची एकूण एक बेकार पोरं तिकिटं जमवत होती.

मुंबईत एका कंपनीत मुलाखतीला बोलावणं आलं. साहेब वयस्क. पहिली दहा मिनिटं रीतसर चालली, मग त्यांची नजर कागदाच्या तळाशी गेली आणि चेहरा उजळला. त्यांनी फाइल मिटली. "नाशिक रोड! म्हणजे तिकिटं जिथे छापतात तिथलेच तुम्ही!"

खरं होतं. आमच्या गावची ओळखच ती. 1925 साली इथे सरकारी छापखाना उभा राहिला, त्याआधी हिंदुस्थानची तिकिटं लंडनहून छापून येत. आमच्या गल्लीतले निम्मे काका 'प्रेसमध्ये' होते आणि प्रेस म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या मनातही येत नसे. छापखान्याच्या भोंग्यावर घड्याळं लावणाऱ्या त्या गावात राहून मी एक तिकीट कधी पाण्यात भिजवून सोडवलं नव्हतं.

"सिंध डाक पाहिलंत कधी?" साहेबांनी विचारलं. मला ती एखादी मेलगाडी वाटली. "अजून योग आला नाही," म्हणालो. मग त्यांनी सांगितलं. 1852 साल, सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर, आशियातलं पहिलं टपाल तिकीट. आधी लाखेचं काढलं, ते तडकायचं. हेच फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले आणि त्यांच्याच काळात फोर्टची तटबंदी पाडली. साहेब बोलत होते आणि मी मान डोलावत होतो. शेवटी त्यांनी तो प्रश्न विचारलाच : "तुमच्याकडे किती आहेत?"

"पाचशे असतील," मी म्हणालो.

"आणि चिकटवता कशी?"

"डिंकाने."

त्यांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. संग्राहक तिकिटाला डिंक लावत नाहीत, मागे कागदाची छोटी बिजागरी लावतात किंवा पारदर्शक पाकिटात ठेवतात, हे मला नंतर कळलं. नोकरी मिळाली नाही. डिंकामुळेच, असं मी म्हणणार नाही. पण डिंकाने मदत नक्कीच केली नाही.

आता गंमत अशी की त्या वयात मला एक छंद होता. रीतसर, रोजचा. मी रेल्वेचं वेळापत्रक वाचायचो, पहिल्या पानापासून, कादंबरीसारखं. कुठली गाडी कुठे कुणाला पुढे जाऊ देते, हे मला तोंडपाठ होतं. मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडी थांबली, की सगळे वडा शोधत आणि मी मागचा धक्का यायची वाट बघे. थळ घाटाचा चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. पुढच्या इंजिनाच्या एकट्याच्याने ते होत नाही, म्हणून मागून ढकलायला 'बँकर' लावतात आणि इगतपुरीला सोडतात. आज बँकर किती लागले, हे मी वहीत लिहून ठेवत असे. पण 'हॉबीज काय' म्हटल्यावर ही वही आठवलीसुद्धा नाही. घरात त्या वहीला छंद म्हणत नसत, 'खूळ' म्हणत.

आपल्या भाषेनेच ही प्रतवारी करून ठेवली आहे. छंद हा शब्द तसा सभ्य, कवितेच्या वृत्तालाही तोच. पण त्याला फंद जोडला की छंदीफंदी होतो आणि त्या माणसाला कुणी मुलगी देत नाही. हौस परवडणाऱ्यांची. नाद मात्र लागतो, आणि नादी लागलेल्याबद्दल घरात खालच्या आवाजात बोलतात. (कोल्हापूरकरांनी 'नादखुळा' म्हणून त्याचं कौतुक केलं, तो त्यांचा मोठेपणा.) बायोडेटावर जातो तो छंद. घरी राहतो तो नाद.

नाशिक रोडहून पुढचं स्टेशन देवळाली. तिथे द. रा. कापरेकर नावाचे एक शाळामास्तर होते, 1962 साली निवृत्त झाले. गणितातली पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. त्यांनी बायोडेटा केला असता तर नोकरीच्या रकान्यात 'शिक्षक' आलं असतं आणि बाकी सगळं त्या शेवटच्या ओळीत : आकड्यांशी खेळणे. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरते मांडा, चढते मांडा, वजाबाकी करा. 3524 घेतली तर 5432 वजा 2345, आले 3087. पुन्हा तेच केलं की 8352. पुन्हा, की 6174. आणि 6174 वर तुम्ही अडकता, कारण तिच्यातूनही 6174 च निघते. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत सगळ्या संख्या तिथे येतात. या संख्येला आज जग कापरेकर स्थिरांक म्हणतं. पण मला जास्त आवडते त्यांची दुसरी करामत. काही संख्यांना त्यांनी 'डेम्लो' असं नाव दिलं, कारण त्यांचा विचार पहिल्यांदा सुचला तो त्या नावाच्या रेल्वे स्टेशनवर. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली. डोंबिवली स्टेशनात माणसाला काही सुचू शकतं यावर आजचा कुणी विश्वास ठेवणार नाही. मी ठेवतो, प्लॅटफॉर्मवर माझंही डोकं बरं चालतं. त्यातून निघालं मात्र काहीच नाही.

उलट टोक यूपीएससीचं. तिथे मुख्य परीक्षेच्या अर्जात छंद लिहायचे असतात आणि व्यक्तिमत्त्व चाचणीच्या 275 गुणांसाठी मंडळासमोर बसल्यावर त्यावर प्रश्न येऊ शकतात. एका मित्राचा मुलगा 'गच्चीवरची बाग' असं लिहून आला. मग गच्ची शोधली, कुंड्या आणल्या, मातीच्या सामूपासून फुलकिड्यांपर्यंत प्रश्नोत्तरं काढली. मुलाखत झाली, कुंड्या अजून तिथेच आहेत. टोमॅटो मित्र खातो.

भाचीला फोन केला. म्हटलं, "ट्रेकिंग काढ. शिलाई मशीन लिही."

"काय?"

दहावीच्या सुट्टीत तिने आजीचं जुनं मशीन उघडलं होतं. टाका सुटत होता. दोन दिवस ती शटल, बॉबिन आणि धाग्याच्या टेन्शनमध्ये बुडाली होती, जेवायला हाका माराव्या लागत. तेव्हापासून सोसायटीतल्या बायका तिच्याकडे मशीनं आणतात. आवाज ऐकून बिघाड सांगते.

"मामा, तो काय छंद आहे? ते तर काम झालं," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "बरं दिसत नाही रे ते."

मी आग्रह केला नाही. माझ्या वहीचंही मी तीस वर्षांत कुठे लिहिलं होतं? परवा तिची अंतिम प्रत आली. छंदांची ओळच नव्हती. तिच्यामुळे मजकूर दुसऱ्या पानावर जात होता म्हणे.

काल रात्री पुन्हा फोन. मुंबईला मुलाखत, दादरच्या जवळ, साडेअकराला. "मामा, कुठली गाडी?"

"पंचवटी. नाशिक रोडला सातच्या सुमाराला. पासवाल्यांच्या डब्यात चढू नकोस, उठवतील. उतरताना घाटात बँकर नसतो, तो येताना. परत येताना कसाऱ्याला जागी राहा, मागून धक्का बसेल, घाबरू नकोस."

पलीकडे ती हसत होती. "मामा, हे तुझ्या बायोडेटात होतं?"

"नाही. त्यात तिकिटं होती."

"रेल्वेची?"

"पोस्टाची."