जपानी येत नाही, मग शिकवता कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तोक्योत निशिकासाईला नव्याने राहायला आलेल्या मराठी मैत्रिणी भेटल्या की हमखास विचारतात, "ताई, तुम्हाला जपानी जेमतेम येतं, मग इथल्या जपानी बालवाडीत इंग्रजी शिकवता तरी कसं?"

आधी कागदपत्रांचं उरकते. डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर, काम करायचं तर इमिग्रेशनची वेगळी परवानगी काढावी लागते आणि सगळी कामं धरून आठवड्याला २८ तासांच्या वर जाता येत नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वर्गांना तेवढे पुरून उरतात.

आता शिकवण्याचं. चार वर्षांच्या पोराला समजावून सांगायचं नसतंच. 'जंप' म्हणायचं आणि आपण उडी मारायची. मुलं उड्या मारायला लागली की 'जंप' म्हणून मुद्दाम खाली बसायचं. मग बघा, अख्खा वर्ग ओरडतो, "नो! जंप!" मला जपानी फाडफाड येत असतं तर मी अर्थ सांगत बसले असते आणि मुलांनी तेवढ्याचीच वाट पाहिली असती. कुणाला शू लागली, कुणी रडायला लागलं, तर वर्गशिक्षिका असतातच.

काही मुलं महिनोन्महिने तोंड उघडत नाहीत. त्यांना बोलतं करायची घाई अजिबात करू नका. 'व्हेअर इज द रॅबिट?' म्हटलं की त्यांचं बोट बरोबर सशावर जातं, मला तेवढं पुरतं. सूर्याचा रंग विचारला तर उत्तर येतं, "रेड!" जपानी मुलं चित्रात सूर्य लालच रंगवतात. त्याला चूक म्हणणं मला पटत नाही.

२०२० पासून जपानी शाळांत पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला. त्यामुळे पालकांना घाई असते, 'एबीसी गिरवून घ्या' असा आग्रहही होतो. पण पेन्सिल धड धरता न येणाऱ्या बोटांना अक्षरांना जुंपणं मला क्रूरपणाचं वाटतं, आणि मी ते मुख्याध्यापिकांना स्पष्ट सांगते.

उच्चारांची धास्ती बाळगू नका. काही ठिकाणी 'नेटिव्ह'च, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलेच, हवेत म्हणून नकार येतो, तिथला नाद सोडायचा. शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून हिवाळ्यातच विचारपूस करा. आणि डेमोला, म्हणजे नमुन्याचा वर्ग घेऊन दाखवायला, जाताना आत घालायचे स्वतःचे बूट न्या. पाहुण्यांना स्लिपर देतात, त्या घालून उड्या मारता येत नाहीत.