तुम्ही विचारलंत म्हणून: लिबियात पूर आला कसा?

‘वाळवंटात पूर? तो कसा काय?’ सप्टेंबर २०२३मध्ये लिबियातलं दर्ना शहर वाहून गेलं, तेव्हापासून त्या देशाचं नाव निघालं की हा प्रश्न ठरलेला. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: ‘पण तिथे माणसं राहतात तरी कुठे?’ दुसऱ्याचं उत्तर नीट ऐकलं, तर पहिला प्रश्न उरतच नाही. पण ऐकायला कुणी थांबत नाही, म्हणून एकदाचं लिहूनच टाकावं म्हटलं.

लिबिया साडेसतरा लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाच पटींहून मोठा. वस्ती सत्तर लाखांच्या आसपास. नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन वाळवंट आहे, हे अगदी कबूल. पण ती टक्केवारी जमिनीची आहे, माणसांची नाही. बहुतेक लोक भूमध्य समुद्राच्या कडेने, पावसाच्या दोन पट्ट्यांत राहतात. पश्चिमेला त्रिपोलीभोवतीचं जफारा मैदान आणि त्यामागचा नफूसा डोंगर; पूर्वेला बेनगाझीपासून दर्नापर्यंतचा जबल अख्दर, म्हणजे हिरवा डोंगर. मध्ये सिर्तचं आखात. तिथे वाळवंट थेट समुद्रापर्यंत येऊन टेकतं. त्रिपोली ते बेनगाझी रस्ता हजार किलोमीटरचा आणि त्यातला मोठा भाग ओसाड. पूर्व आणि पश्चिम एकमेकांशी फटकून का वागतात, याची निम्मी कारणं या ओसाड पट्ट्यात सापडतील. दक्षिणेला फज्जान: सबहा, मुर्झुक, घात अशी मरूद्यानांची गावं. हे तीन प्रांत २४ डिसेंबर १९५१ला स्वतंत्र झाले तेच एक देश म्हणून.

पाऊस हिवाळ्यात, साधारण ऑक्टोबर ते मार्च. त्रिपोलीला वर्षाला तीनशे मिलिमीटरच्या वर, जबल अख्दरच्या माथ्यावर शहात आणि अल-बैदा इथे पाचशे-सहाशे. पार आग्नेयेला कुफ्राला वर्षंच्या वर्षं कोरडी जातात. अल-बैदाला कधीमधी बर्फही पडतो. हे सांगितलं की लोक ‘काहीतरीच!’ म्हणतात आणि मग हमखास ५८ अंशांचा विक्रम काढतात. त्रिपोलीजवळच्या अल-अझीझियाला १३ सप्टेंबर १९२२ रोजी नोंदलेलं ते तापमान जागतिक हवामान संघटनेने २०१२मध्ये रद्द केलं. नवख्या निरीक्षकाने तापमापक चुकीच्या टोकाने वाचला असावा, असा निष्कर्ष निघाला. दक्षिणेकडून घिबली वारा सुटला की किनाऱ्यावरही पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेवढं पुरेसं आहे.

तर दर्ना. ते वाळवंटात नाही. जबल अख्दर हा चुनखडीचा डोंगर, उंची पावणेनऊशे मीटरच्या आसपास, समुद्राकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा. वर ज्युनिपरची झाडी, खाली अरुंद दऱ्या. या दऱ्यांना तिथे वादी म्हणतात. देशात बारमाही नदी एकही नाही, त्यामुळे वादी वर्षातला बहुतेक काळ कोरडी. उघड्या खडकावर माती पातळ, आणि जिथे तोड आणि चराई झाली तिथे तीही धरून ठेवायला काही नाही. मोठी सर आली की थोडं पाणी चुनखडीच्या भेगांत मुरतं आणि बाकीचं सगळं एकदम वादीत उतरतं. वादी दर्नाचं पाणलोट क्षेत्र ५७५ चौरस किलोमीटर आहे, आणि शहर वसलंय ते नेमकं या वादीच्या मुखाशी, तिनेच हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळाच्या पंख्यावर. वादी शहराच्या मधून जाते. कोरड्या पात्राला दोन्ही बाजूंनी भिंती घालून ते आवळलेलं, काठाला लागून बहुमजली इमारती.

पूर नवा नव्हता. १९४१, १९५९, १९६८ अशा पुरांच्या नोंदी आहेत. त्यांच्यासाठीच सत्तरच्या दशकात युगोस्लाव्ह कंपनीने दोन धरणं बांधली. वर, शहरापासून तेराएक किलोमीटरवर, अबू मन्सूर: ७५ मीटर उंच, क्षमता सव्वादोन कोटी घनमीटर. खाली, शहराला जवळजवळ खेटून, अल-बिलाद: ४५ मीटर उंच, क्षमता जेमतेम पंधरा लाख घनमीटर. आपल्या हिशेबात दोन्ही मिळून ०.८५ टीएमसी, एकट्या खडकवासल्यात याच्या दुपटीहून जास्त मावतं. दोन्ही भरावाची धरणं, आत चिकणमातीचा गाभा आणि बाहेर दगडांचं आवरण. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर काढायची वाट, घंटेच्या तोंडासारखा, जलाशयात उभा असलेला.

इथे बारकाव्यात जावं लागतं, कारण सगळं या बारकाव्यातच आहे. उघड्या कडेवरून वाहणाऱ्या सांडव्यात पाण्याची पातळी थोडी वाढली तरी विसर्ग झपाट्याने वाढतो. घंटेच्या तोंडाचा सांडवा एकदा पूर्ण बुडाला की त्याचा विसर्ग फारसा वाढत नाही. खालची नळी जेवढं गिळेल तेवढंच. म्हणजे पूर अंदाजाबाहेर गेला की हा सांडवा नेमका तेव्हाच तोकडा पडतो. मग पाणी भरावाच्या माथ्यावरून जातं. काँक्रीटचं धरण ते काही काळ सोसतं; भरावाचं नाही. पाणी मागच्या उतारावरून धावत खालपासून दगड उचलत नेतं, खाच वर-वर सरकते, गाभा उघडा पडतो, आणि त्यानंतर सगळं काही मिनिटांचं काम असतं.

डॅनियल वादळ आधी ग्रीसला झोडपून, मग तापलेल्या समुद्रावर बळ घेऊन १० सप्टेंबरला लिबियाच्या किनाऱ्यावर आलं. अल-बैदाला चोवीस तासांत ४१४.१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हा आकडा सगळे फेकतात. पण अल-बैदा दर्नाच्या बरंच पश्चिमेला आहे, तो दर्नाच्या वादीला जसाच्या तसा लावता येत नाही. इतर ठिकाणी दीडशे ते दोनशे चाळीसच्या दरम्यान पडला. आपण कमीत कमी धरू. ५७५ चौरस किलोमीटरवर फक्त १०० मिलिमीटर, त्यातलं निम्मंच वाहून आलं. तरी पावणेतीन कोटी घनमीटरच्या वर जातं. धरणं दोन कोटी चाळीस लाखांची, तीही गाळ धरला नाही तर.

११ तारखेच्या पहाटे, तीनच्या सुमारास, वरचं धरण गेलं आणि त्याच्या लोंढ्यापुढे खालचं टिकायचा प्रश्नच नव्हता. पुण्याच्या वाचकाला हे वेगळं समजावायला नको. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि खडकवासल्याला घेऊन गेलं. फरक एवढा, की पानशेतचं पाणी पुण्यात दिवसाउजेडी शिरलं. दर्नात लोक झोपलेले होते, आणि त्यातल्या अनेकांना घरातच थांबायला सांगितलेलं होतं. संचारबंदी होती. काही वस्त्या रिकाम्या केल्या त्या समुद्र चढेल या भीतीने. पाणी आलं मागून. शहराचा मधला भाग इमारतींसकट समुद्रात गेला. मृत हजारो, बेपत्ता हजारो, आणि सर्वमान्य आकडा अजूनही नाही. मेलेल्यांत इजिप्त, सुदान, सीरिया, बांगलादेशचे मजूर होते. इजिप्तच्या बनी सुएफ प्रांतातल्या एकाच गावाने ७०च्या वर माणसं गमावली.

पूर्वी या प्रश्नाला माझं एका वाक्याचं उत्तर असे: देखभाल केली नाही, म्हणून धरणं फुटली. ते उत्तर आजही खोटं म्हणणार नाही. भेगा १९९८मध्येच दिसल्या होत्या, दुरुस्तीचं कंत्राट दिलं गेलं, काम रेंगाळलं आणि २०११च्या गद्दाफीविरुद्धच्या उठावात कंत्राटदार सगळं टाकून निघून गेला. २०२२मध्ये एका लिबियन अभियंत्याने याच वादीवर शोधनिबंध लिहून पुराचा धोका छापील मांडला होता. पण वरचं गणित पाहिल्यावर विचारावंसं वाटतं: भेगा बुजवल्या असत्या, तर सांडवा मोठा झाला असता का? दुरुस्त धरण माथ्यावरून पाणी गेल्यावर किती तास टिकतं? कदाचित दोन तास जास्त. आणि ते दोन तास कुणी वापरले असते? राष्ट्रीय हवामान केंद्राने ७२ तास आधी इशारा दिला होता, ई-मेलने. देशात सरकारं दोन, पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक.

यावर कुणी म्हणतं, ‘म्हणजे हवामानबदल.’ तोही आहे. वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन या गटाच्या विश्लेषणात असा पाऊस पन्नास पटींपर्यंत अधिक शक्य झाल्याचं म्हटलंय, पण त्याच अहवालात या आकड्याची अनिश्चितता मोठी असल्याचंही लिहिलंय. हा अर्धा भाग कुणी सांगत नाही. अधिकाऱ्यांना मात्र हे कारण फार सोयीचं. जुलै २०२४मध्ये दर्नाच्या न्यायालयाने १२ अधिकाऱ्यांना ९ ते २७ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या; पाऊस आरोपी नव्हता.

‘लोक कसे आहेत?’ हेही विचारता. अरब आणि अमाझिग, म्हणजे उत्तर आफ्रिकेचे मूळ रहिवासी बर्बर, यांची शतकानुशतकांची सरमिसळ. नफूसा डोंगरात आणि झुवाऱ्याला अमाझिग भाषा आजही घरात बोलतात, घात-उबारीकडे तुआरेग लोक, कुफ्रा-मुर्झुककडे तेबू लोक. जेवणात जवाच्या पिठाचा बाझीन, मधोमध गोळा आणि भोवती रस्सा, एकाच थाळीतून सगळ्यांनी खायचा. टोळ्यांची भांडणं खरी आहेत, बंदुकाही खऱ्या आहेत. तरी त्या आठवड्यात मिस्राता, झुवारा, झिंतान या पश्चिमेच्या गावांतून मदतीच्या गाड्या तो हजार किलोमीटरचा ओसाड रस्ता कापून दर्नाला आल्या, सरकारांची वाट न पाहता.

आता वाद आहे पुढचा. एक पक्ष म्हणतो, धरणं पुन्हा बांधा, मोठ्या सांडव्याची. दुसरा म्हणतो, धरण नकोच. पात्र रुंद करा, काठ मोकळे ठेवा, वादीला समुद्रापर्यंत वाट द्या. पहिल्या पक्षाला विचारावं की पुढची पन्नास वर्षं पगारी देखरेख कोण करणार. दुसऱ्याला विचारावं की अशा रात्री धरणाविना आलेला सगळा लोंढा किती रुंद पात्रात मावेल, आणि त्या रुंदीत ज्यांची घरं होती त्यांना कुठे बसवणार. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही.