पिवळा रंग न आलेली गल्ली

पहाटे टाकीत टीसीएल (जंतू मारणारी क्लोरीनची पावडर) टाकायची, अर्धा-पाऊण तास थांबून वॉल उघडायचा आणि मग गावात फिरून नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट घ्यायची, हे माझं काम. या टेस्टमध्ये पाण्यात औषधाचे थेंब टाकतात, क्लोरीन उरला असेल तर पाणी पिवळं होतं. ग्रामपंचायतीच्या कागदावर मी जलसुरक्षक, गावाच्या तोंडी 'पाणी सोडणारा'. बरोबरीची पोरं चाकणला कंपन्यांत लागली. ती सणाला आली, कामाच्या गोष्टी निघाल्या, की मी गप्प बसायचो. रोज चाव्या फिरवून आपण नेमकं काय करतो, असं मनात यायचं. गेल्या पावसाळ्यातल्या एका सकाळनंतर ते येणं थांबलं.

आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला होता. आमची टाकी ५०,००० लिटरची. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने २५० ग्रॅम पावडर बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला आणि वरची निवळ टाकीत ओतली. टाकीजवळच्या पहिल्या नळावर टेस्ट घेतली, पाणी पिवळं झालं. शाळेजवळही झालं. ओढ्याकाठच्या गल्लीत शेवटच्या घरी मात्र थेंब टाकले तरी परीक्षानळीतलं पाणी होतं तसंच. नळी धुऊन पुन्हा घेतलं. रंग नाहीच.

पाणी दिसायला स्वच्छ होतं, वासही नव्हता. पण लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत उरायला हवा, आणि इथे तो वाटेतच संपत होता. म्हणजे वाटेत घाण मिसळत होती. पाणी बंद असतं तेव्हा पाइप रिकामा होतो, कुठे फुटका असेल तर बाहेरचं पाणी आत ओढून घेतो. आणि त्या गल्लीतले निम्मे नळजोड गटारातून गेलेत.

पळत जाऊन त्या लाइनचा वॉल बंद केला. गल्लीत परत आलो तर बायका हंडे घेऊन उभ्या. एका घरी दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता, पिंपं निम्मी भरलेली.

"भरलेलं सगळं ओतून द्या," मी म्हणालो.

"अरे, पावण्यांना काय पाजू मग?" घरातले काका तापले. त्यांचं चुकत नव्हतं.

शेवटच्या घरातल्या आक्कांनी काही न विचारता तांब्याची घागर उचलली आणि दारात पालथी केली. "तुझ्या नळीत रंग आला नाही ना पोरा? मग झालं तर." आक्कांच्या पाठोपाठ बाकीच्या दारांतही हंडे पालथे झाले. काकांना शाळेजवळच्या नळावरून पाणी आणून दिलं.

प्लंबरला घेऊन गटार उपसलं. एका जोडाची लोखंडी नळी गंजून चाळण झाली होती. कुणीतरी कधीतरी सायकलची ट्यूब गुंडाळून ठेवलेली, तीही कुजलेली. नळी बदलली, लाइन धुऊन काढली, दुपारी पाणी सोडलं. शेवटच्या नळावर पिवळा रंग आला तेव्हा ती परीक्षानळी मी आक्कांना दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरून बराच वेळ बघितली.

सकाळचं थोडं पाणी एचटूएसच्या बाटलीत भरून ठेवलं होतं. विष्ठेतले जंतू असतील तर त्या बाटलीतलं पाणी काळं पडतं. दुसऱ्या दिवशी बाटली डांबरासारखी काळी. मी ती पंचायतीच्या टेबलावर ठेवली. ग्रामसेवक भाऊसाहेब काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. पुढचे आठ-दहा दिवस आशाताई त्या गल्लीत दारोदार विचारत होत्या. जुलाब-उलटीचा एकही पेशंट निघाला नाही. साखरपुडाही झाला.

गावात साथ आली तर पेपरात छापून येतं, टळलेल्या साथीची बातमी होत नाही. पण ती काळी बाटली मी पाहिलीय. त्या गल्लीतली रांगणारी पोरंही रोज पाहतो. माझ्या कामाचा अर्थ मला तिथे दिसतो, दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरली नाही.

नंतरच्या ग्रामसभेत मी पहिल्यांदा उठून बोललो. गटारातून जाणारे सगळे नळजोड वर उचलून घ्या, एवढीच मागणी केली. आक्कांनी आणि त्या काकांनी हात वर केले. ठराव झाला. ओढ्याकाठची गल्ली पूर्ण झालीय, आता बाजारपेठेतलं काम सुरू आहे. पावसाआधी वेशीकडचे जोडही वर घ्यायचेत, त्यासाठी मी भाऊसाहेबांच्या मागे लागलोय.