गुलमर्गची थंडी आणि आईची माकडटोपी

कोल्हापुरात पारा १३-१४ वर आला की आपण रंकाळ्यावर मफलर गुंडाळून फिरायला लागतो. थंडीचा एवढाच अनुभव गाठीशी घेऊन मी आणि माझा मावसभाऊ जानेवारीत गुलमर्गला स्नोबोर्डिंग, म्हणजे पायाला फळी बांधून बर्फावरून घसरणं, शिकायला गेलो. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे काश्मीरचं चिल्ले कलान, वर्षातली सगळ्यात कडक थंडी. बर्फ भरपूर मिळतो म्हणून आम्ही मुद्दाम तेच दिवस धरले.

जाण्याचं थोडक्यात सांगतो. रात्रीच्या गाडीनं पुणे, तिथून विमानानं दिल्लीमार्गे श्रीनगर, पुढं टॅक्सीनं सुमारे ५० किलोमीटर. बर्फ पडलेला असला तर टंगमर्गला चाकांना साखळ्या बांधलेली गाडी घ्यावी लागते. शेवटचे १३ किलोमीटर घाटाचे आहेत. आपलं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, दोघांत एक तरी पोस्टपेड असू द्या. गंडोल्याची, म्हणजे तिथल्या रोपवेची, तिकिटं घरूनच ऑनलाइन काढा. बाकी हॉटेल आणि जेवणावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते टोपीवर, कारण सहा दिवसांत आम्ही सगळ्यात जास्त पस्तावलो ते तिच्यापायी.

निघताना आईनं स्वतः विणलेली जाड लोकरीची माकडटोपी बॅगेत कोंबली. "कान झाकलेलं असलं की निम्मी थंडी पळती," हे तिचं शास्त्र. पहिल्या सकाळी ती घातली आणि भाड्याचं हेल्मेट डोक्यात जाईना. एक माप मोठं घेतलं तर ते डोक्यावर गदगदा हलायला लागलं. नवशिका माणूस दिवसाला तीस-चाळीस वेळा आपटतो, त्यात हेल्मेट हललं तर ते असून नसून सारखंच. आमचा काश्मिरी मास्तर हसून म्हणाला, "भाईजान, हेल्मेट के नीचे पतला चाहिए." ती टोपी मग रात्री झोपताना वापरली, आणि तिथं तिला तोड नव्हती.

दुसरी टोपी मी ऑनलाइन मागवलेली. आतून मऊ फ्लीस, पाकिटावर 'उणे ३० अंशांसाठी' असं ठसठशीत छापलेलं. असल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. नाकातोंडापाशी ती नुसती सलग कापड होती, श्वासाला बाहेर पडायला वाटच नाही. श्वास वर सरकून गॉगलमध्ये शिरला आणि दहा मिनिटांत समोर दाट धुकं. मी शहाण्यानं काच आतून हातमोज्यानं पुसली, तर धुकं धरू न देणारा लेपच खरवडला गेला. आत ओल आली तर गॉगल झटकायचा, मऊ कोरड्या कापडानं हलकेच टिपायचा, घासायचा नाही. तोंडापुढचं कापड श्वासानं भिजलं ते वेगळंच. लिफ्टच्या रांगेत उभं राहीपर्यंत ते उन्हात वाळवलेल्या पापडासारखं कडक झालं, आणि माझी झुपकेदार मिशी त्याला आतून चिकटली. कोल्हापूरच्या मिशीची इतकी अब्रू कधी गेली नसेल.

भावाची गत त्याहून वाईट. त्यानं गाडीवर वापरायचा सुती मास्क आणलेला. नवशिक्याला बोर्ड काखेत मारून चढ चढावा लागतो, घाम धो धो येतो. सुती कापड तो पिऊन बसतं आणि वारा सुटला की मानेवर बर्फाची पट्टी. सुती काहीही नेऊ नका, बनियनसुद्धा.

तिसऱ्या दिवशी तिथल्या बाजारात पातळ मेरिनो लोकरीची (मेरिनो जातीच्या मेंढीची तलम लोकर) टोपी घेतली. महाग पडली. पण मेरिनो ओली झाली तरी ऊब धरते आणि चार दिवस घालून वास मारत नाही. तोंडापाशी जाळी होती, आणि नाकावरचा भाग वेगळा जोडलेला, टोपी न काढता हनुवटीखाली ओढता येणारा. लिफ्टमध्ये बसलं की तो खाली ओढायचा, म्हणजे कापड कमी भिजतं. मानेकडचा घेर लांब होता. तो जॅकेटच्या आत खोचला नाही तर पडल्यावर बर्फ थेट पाठीत जातो. टाळूवर जाड शिवण आहे का तेही बोट फिरवून बघा. हेल्मेटखाली तासाभरात ती खिळ्यासारखी टोचते.

पाचव्या दिवशी बोर्ड खाली ठेवून गंडोल्यानं वरच्या अफरवाट डोंगरावर गेलो, नुसतं बघायला. गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर, आणि हा वरचा टप्पा जवळजवळ ३९५० वर. वरचा उतार नवशिक्यांचा नव्हेच, हिमस्खलनाचा धोका असतो. वारा वाढला की हा टप्पा बंदही करतात. उणे १५ अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २७ सारखी लागते, आणि जास्त वेळ उघडी राहिली तर हिमदंश होऊ शकतो. गॉगल आणि टोपी यांच्यामध्ये माझी बोटभर जागा उघडी राहिलेली. मला काहीच जाणवत नव्हतं. भाऊच ओरडला, "दादा, नाक बघ, पांढरंफटक पडलंय!" तळहात काढून नाकावर धरला, चोळलं नाही. आत जाऊन बसल्यावर हळूहळू झिणझिण्या आल्या आणि रंग परतला. त्यामुळं जोडीनं जा आणि दर थोड्या वेळानं एकमेकांची तोंडं बघत राहा. स्वतःचं नाक स्वतःला दिसत नाही. उघड्या भागाला सनस्क्रीनही लावा, बर्फावरून परतणारं ऊन खालून भाजतं.

खरेदी इथूनच करणार असाल तर टोपी, हेल्मेट, गॉगल तिन्ही एकदम घालून बघा आणि तसंच चार जिने धावत चढा. शेजारी हसतील, हसू देत. कोल्हापूरच्या हवेत काचेवर धुकं धरणार नाही, पण श्वास कुठं जातो ते कळतं. नाकाच्या दोन्ही बाजूंनी डोळ्यांकडे गरम हवा लागली की ती टोपी परत करा. आणि पातळ दोन घ्या, जाड एक नको. दुपारी भिजलेली बदलायला दुसरी कोरडी खिशात पाहिजेच.

माझी मेरिनो आता पहाटे गाडीवर कामाला येते. गंगावेशीत दूधकट्ट्यावर जाताना हेल्मेटखाली ती असते. म्हशीचं धारोष्ण दूध पेल्यात आलं की नाकावरचा भाग खाली ओढायचा, पेला संपवायचा, परत वर. पहिल्या दिवशी दूधवाला धार काढायची थांबवून बघत राहिला आणि म्हणाला, "काय पाव्हणं, दरोडा टाकून आलाय काय?"