प्रोब कुठे ठेवायचा, आणि का

बुधवार, जुलैअखेर. रात्री उशिरा.

वॉर्डातल्या खाटा भरल्या, आता जमिनीवर गाद्या पडल्यात. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो आणि अजून निदान न झालेले ताप. नव्या रेसिडेंट्सच्या हातात सोनोग्राफीचा प्रोब द्यायला मुंबईचा पावसाळा सगळ्यात चांगला आणि शिकवायला वेळ मिळणं सगळ्यात अवघड तेही याच दिवसांत. तरी शिकवायला याच दिवसांत हवं, याची आज पुन्हा खात्री पटली.

दुपारी एक तरुण पेशंट. डेंग्यू, आजाराचा पाचवा दिवस. सकाळी ताप उतरलेला, त्यामुळे आई खूश. "ताप गेला ना मॅडम, मग घरी कधी सोडताय?" डेंग्यूतली खरी काळजी ताप उतरताना सुरू होते, हे घरच्यांना पटवणं फार कठीण. रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, आणि पेशंट मात्र बसून बोलत असतो. याचा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, चढत होता, वरचं आणि खालचं बीपी एकमेकांच्या जवळ सरकत होतं.

फर्स्ट इयरच्या रेसिडेंट मुलीला म्हटलं, प्रोब घे. तिने तो उजव्या कुशीत ठेवला आणि जोरात दाबला. पडद्यावर फक्त बरगड्यांच्या काळ्या सावल्या. "दाबू नकोस. खूण डोक्याकडे ठेव, मनगट थोडं मागे वळव, दोन बरगड्यांच्या मधून बघ." सावल्या सरकल्या. आधी यकृत आलं, त्याला लागून मूत्रपिंड, वर श्वासपटलाची पांढरी कमान. आणि कमानीच्या वर काळा पट्टा. ती लगेच "पाणी" म्हणाली. मी विचारलं, कशावरून? मग तिने नीट पाहिलं. निरोगी छातीत मणक्यांची रेघ श्वासपटलापाशी थांबते, कारण पुढे हवा असते आणि हवेतून सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी पुढे जात नाहीत. इथे ती रेघ कमान ओलांडून वर छातीत दिसत होती. तिच्या बोटाने ती रेघ पडद्यावर हलकेच गिरवली, तेव्हा मला कळलं की हे आता ती विसरणार नाही. पित्ताशयाची भिंतही सुजलेली होती. आडव्या पेशंटच्या एक्सरेत एवढं पाणी सहज निसटतं.

तिला पुढचं सांगितलं ते जास्त महत्त्वाचं. आज सलाईन मोजून द्यायचं, दर काही तासांनी हिमॅटोक्रिट बघायचा. एकदोन दिवसांत हेच झिरपलेलं पाणी रक्तात परत येईल आणि तेव्हा सलाईन चालूच राहिलं तर फुफ्फुसात पाणी भरेल. म्हणून प्रोब पुन्हा घ्यायचा, या वेळी छातीवर.

छातीची सोनोग्राफी ही गोष्टच किती सुंदर आहे! फुफ्फुसात हवा, म्हणून ते दिसायलाच नको. तरीही दिसतं ते हवेने परतवलेल्या लहरींमुळे. आडव्या, सारख्या अंतरावरच्या ए-लाइन्स म्हणजे खाली कोरडी हवा. प्लुरापासून, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणापासून, पडद्याच्या तळापर्यंत जाणाऱ्या, श्वासाबरोबर हलणाऱ्या उभ्या किरणांसारख्या बी-लाइन्स म्हणजे फुफ्फुस ओलं. फ्रान्समधल्या डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी हे वर्षानुवर्षं खाटेशेजारी बसून तपासलं आणि २००८ मध्ये ब्ल्यू प्रोटोकॉल, म्हणजे धाप लागलेल्या पेशंटची छाती सोनोग्राफीने तपासायची ठरीव पद्धत, म्हणून मांडलं.

पण बी-लाइन्स कारण सांगत नाहीत. हार्ट फेल्युअरमध्ये त्या दिसतात, न्यूमोनियात दिसतात, आणि लेप्टोमध्ये फुफ्फुसात रक्तस्राव होतो तेव्हाही दिसतात. बी-लाइन्स पाहून लघवी वाढवून पाणी काढणारं इंजेक्शन देऊन मोकळं होणं लेप्टोच्या, बीपी पडलेल्या पेशंटला घातक ठरेल. म्हणून प्रोब टेकवण्याआधी मी रेसिडेंटकडून प्रश्न वदवून घेते: काय शोधतेस, आणि ते दिसलं तर काय बदलणार? उत्तर नसेल तर जेल परत ट्रॉलीवर. कुणाला हे कडक वाटेल. मला गरजेचं वाटतं.

एका दिवसाच्या वर्कशॉपला माझा विरोध नाही, पण तिथे मॉडेल म्हणून सडपातळ, शांत पडून राहणारा निरोगी मुलगा असतो. रात्री दोनचा पेशंट धापा टाकत बसलेला असतो, आडवा होऊच शकत नाही, छातीभर ईसीजीच्या तारा. तो हात वॉर्डातच बसतो, आणि शेजारी जाणतं माणूस उभं असेल तरच. ब्रिटनमध्ये अ‍ॅक्यूट मेडिसिनवाल्यांच्या फेमस (FAMUS) या सोनोग्राफी शिकवण्याच्या कार्यक्रमात देखरेखीखाली स्कॅन करायचे, त्यांची नोंदवही ठेवायची आणि मग परीक्षा द्यायची, अशी पद्धत आहे. २०२२ च्या अभ्यासक्रमात तर खाटेशेजारची सोनोग्राफी त्यांच्याकडे सक्तीचीच झाली.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. सोनोग्राफी यंत्राच्या कपाटाला कुलूप, गर्भलिंगचाचणीविरोधी कायद्यामुळे. यंत्राची नोंदणी, डॉक्टरची नोंदणी, यंत्र नोंदवलेल्या जागेबाहेर न्यायचं नाही, गर्भवती असेल तर फॉर्म एफ, म्हणजे तिच्या सोनोग्राफीची सक्तीची नोंद. रेसिडेंट वैतागतात. मी नाही वैतागत. १९८८ मध्ये गर्भलिंगचाचणीविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, मग १९९४ चा केंद्राचा कायदा आला. तो आणावा लागला कारण आपल्याच व्यवसायातल्या लोकांनी याच यंत्रांचा वापर मुली नाकारण्यासाठी केला. कायदा पाळूनच शिकवायचं, नोंदी चोख ठेवायच्या. कुलपाची किल्ली रात्रपाळीत कुणाकडे आहे हे मात्र माहीत असायला हवं. तो कायद्याचा नव्हे, आमच्या व्यवस्थेचा प्रश्न आहे.

संध्याकाळी रेडिओलॉजीच्या मॅडमना भेटले. वॉर्डात केलेले स्कॅन साठवून ठेवायचे आणि आठवड्यातून एकदा त्यांच्यासमोर बसून पाहायचे, याला त्या हो म्हणाल्या. अट एकच, चांगले निवडून आणायचे नाहीत, धूसर आणि फसलेलेही आणायचे. मला हेच हवं होतं. पहिली बैठक शुक्रवारी, ओपीडी आटोपल्यावर. आजच्या पेशंटचा उद्या सकाळचा स्कॅन फर्स्ट इयरच करेल, मी शेजारी उभी राहीन.