चार स्टार, नुसता तवंग

बाणेरच्या ऑफिसात माझं काम रेकमेंडेशनचं. कुणाला कुठली खाणावळ, कुठली मिसळ सुचवायची ते ठरवणारं मॉडेल आमची टीम सांभाळते. त्या दिवशी मात्र नारायण पेठेत गेलो होतो. ॲप वापरणाऱ्याच्या शेजारी बसायचं, मध्ये बोलायचं नाही, बघत राहायचं.

पहिलेच भेटले ते सत्तरीचे, बँकेतून निवृत्त झालेले काका. आदल्या दिवशी मागवलेल्या मिसळीचा त्यांनी पंचनामाच केला. रस्सा पाणचट, वर नुसता तवंग, मटकी भिंग घेऊन शोधावी लागेल. दारावर ‘बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही’ अशी पाटी. हा माणूस कुणाची भीड ठेवणार? दोन स्टारवर बोट नेलं आणि थबकले. वर ठळक अक्षरात इतरांची सरासरी होती, ४.५.

“एवढ्या लोकांना आवडलीये, म्हणजे काल माझ्याच तोंडाला चव नसेल,” म्हणाले आणि चार देऊन मोकळे झाले.

हे होतं, हे मी वाचलेलं होतं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मूव्हीलेन्स या चित्रपट सुचवणाऱ्या साइटवर संशोधकांनी ‘तुम्ही इतके स्टार द्याल’ हे भाकीत मुद्दाम एक स्टार वर-खाली करून दाखवलं, तर लोकांचे स्टारही त्याच बाजूला सरकले. २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या प्रयोगात लाखभर प्रतिक्रियांपैकी काहींना सुरुवातीलाच एक खोटं अनुकूल मत चिकटवलं, शेवटी त्यांचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरले. खोटं प्रतिकूल मत मात्र पुढच्या लोकांनी भरून काढलं.

पण परतताना बसमध्ये आठवला तो माझाच आलेख. मॉडेलची चूक, म्हणजे त्याने भाकीत केलेले स्टार आणि लोकांनी दिलेले स्टार यांतला फरक, महिन्यागणिक कमी होतेय, म्हणून बैठकीत मिरवलेला. लोक आमचाच आकडा आम्हाला परत देत असतील, तर भाकीत बरोबर येणारच की! पेपर फोडून परीक्षा घेतल्यासारखं. वर काकांना आता तसल्याच तवंगवाल्या मिसळी सुचवल्या जाणार.

मॅनेजर मॅडमच्या मागे लागून निम्म्या लोकांपुरती सरासरी झाकली. आधी स्टार द्या, मग ती दिसेल. त्या निम्म्यांत चूक वाढली. “वाढली म्हणून पेढे वाटू का?” मॅडमनी विचारलं. खरं तर मला वाटावेसेच वाटत होते.

महिन्याभराने काकांकडे पुन्हा गेलो. नवी मिसळ, तीच तक्रार, दोन स्टार. मग पडद्यावर ४.४ उमटलं. काकांनी चष्मा वर सरकवला.

“आता बदलता येतं का रे हे?”

बदलायचं बटण आम्ही तिथेच, खाली ठेवलं होतं.