सहा महिन्यांच्या आतली शुगर

जुन्या फाइलच्या पहिल्या पानावर वय लिहिलं होतं : दोन महिने वीस दिवस. त्याखाली निदान, ‘टाइप १ मधुमेह, रक्तात आम्ल वाढलेलं’. पुढची सगळी पानं इन्शुलिनच्या युनिटांनी भरलेली. फाइल घेऊन आलेली मुलगी आता तीन वर्षांची होती, वजन जेमतेम अकरा किलो. आदल्या रात्री शुगर एकदम खाली जाऊन तिला झटका आला होता, म्हणून कारखान्याजवळच्या डॉक्टरांनी तिला आमच्याकडे धाडलं होतं.

कुटुंब बीड जिल्ह्यातलं, ऊसतोडीसाठी सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात आलेलं. आईबाप पहाटेच फडात जातात आणि लेकरू कोपीत आजीजवळ राहतं. आजीला अक्षरओळख नाही, पण सिरिंजवरच्या रेघा ती बरोबर ओळखायची. इन्शुलिनची बाटली एका मडक्यात, ते मडकं दुसऱ्या मोठ्या मडक्यात, मधे ओली वाळू. कोपीत फ्रिज कुठून असणार? हा उपाय कामाचा आहे आणि तिने तो मन लावून सांभाळला होता. अडचण वेगळीच होती. सुई वेळेवर टोचली जायची, पण त्यानंतर मूल जेवेलच याचा भरवसा नसायचा. फडावर भाकरी कधी पोचेल ते उसाची गाडी भरण्यावर ठरतं.

“आजी, हिला पहिल्यांदा त्रास झाला तेव्हा केवढी होती ही?”

“बाई, मान बी धरली नव्हती लेकरानं. नुसती धापा टाकायची, मुतायची लई. लोक म्हनले बाहेरचं हाय.”

मान धरली नव्हती, म्हणजे फाइलवरचं वय बरोबर होतं. मी आमच्या निवासी डॉक्टरला बोलावून ते पान दाखवलं आणि ‘टाइप १’पुढे प्रश्नचिन्ह काढायला सांगितलं.

टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. त्याला वेळ लागतो. जन्मल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह दिसला, तर तो जवळजवळ नेहमी एखाद्या जनुकातल्या बिघाडामुळे असतो. हा आजार फार दुर्मीळ, साधारण लाखभर जन्मांमागे एखाद्या बाळाला होणारा. म्हणून तो चटकन आठवत नाही, आणि वाढलेली शुगर लहान मुलात दिसली की हात आपोआप ‘टाइप १’ लिहितो. त्या वेळी बाळाचा जीव वाचवला तो इन्शुलिननेच, आणि ते देणं योग्यच होतं. पण जीव वाचल्यानंतर वयाचा प्रश्न पुन्हा विचारायला हवा.

बीटा पेशीच्या आवरणात पोटॅशियमसाठी एक दार असतं. आपण जेवलो, साखर पेशीत शिरली की तिच्यापासून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं आणि एटीपी वाढलं की हे दार मिटतं. दार मिटल्यावर कॅल्शियम आत येतं आणि इन्शुलिन बाहेर सुटतं. साखरेमुळे हे दार मिटतं, हे ऑक्सफर्डच्या फ्रान्सेस ॲशक्रॉफ्ट यांनी १९८४ साली दाखवलं. पुढे २००४ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या ॲना ग्लॉयन, अँड्र्यू हॅटर्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की नवजात मधुमेहाच्या कित्येक बाळांमध्ये या दाराचा नकाशा असलेलं केसीएनजे११ हे जनुकच बदललेलं असतं. दार उघडंच अडकून बसतं. पेशी जिवंत असते, इन्शुलिन तयार असतं, पण ते सुटायचा हुकूम येत नाही.

पुढचा भाग मला आजही थक्क करतो. हे दार बाहेरून मिटवणारं औषध आपल्याकडे आधीपासून होतं. १९४२ साली फ्रान्समध्ये मोंपेलिये इथे टायफॉइडसाठी एक सल्फा औषध देताना रुग्णांची साखर घसरते असं लक्षात आलं आणि त्यातून सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्या निघाल्या. त्यांतलीच एक ग्लिबेनक्लामाइड, म्हातारपणीच्या मधुमेहासाठी वर्षानुवर्षं लिहिली गेलेली स्वस्त गोळी. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केसीएनजे११चा बदल असलेल्या ४९ रुग्णांना सल्फोनिलयुरिया दिलं, तेव्हा ४४ जणांचं इन्शुलिन पूर्ण थांबलं. आणि हे नवलाईपुरतं नव्हतं. २०१८ मध्ये ८१ रुग्णांचा सुमारे दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. त्यातले ९३ टक्के इन्शुलिनविनाच होते.

मुलीच्या रक्ताचा नमुना चेन्नईला मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनकडे पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत हंगाम अर्धा सरला. आला तेव्हा त्यात केसीएनजे११ होतं : प्रथिनात २०१ क्रमांकाच्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन. हा बदल जगभर अनेक मुलांत सापडलेला आहे आणि तो असलेली मुलं गोळीला सहसा उत्तम दाद देतात. याच जनुकातले काही बदल मेंदूवरही घाला घालतात, बाळाची वाढ मागे पडते, फिट्स येतात. या मुलीचं तसं काही नव्हतं. ती वॉर्डात आल्या आल्या सिस्टरच्या टेबलावरचे स्टिकर मोजत बसली होती.

भरती करायचं म्हटल्यावर मात्र खरी अडचण आली. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आई दवाखान्यात बसली तर कोयता मोडतो, आणि मुकादमाची उचल आधीच घेतलेली. शेवटी आजी राहिली आणि आई जमेल तशी येत राहिली.

गोळी सुरू केली ती वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धा तुकडा, चमच्यात पाण्यात विरघळवून, जेवणाआधी. डोस रोज थोडा वाढवायचा आणि सकाळची शुगर १२६च्या खाली आली की इन्शुलिन निम्मं करायचं. दर जेवणाआधी आणि रात्रीही बोटातून रक्त घेऊन तपासायचं. पहिले दोन दिवस काहीच हललं नाही, शुगर तीनशेच्या आसपासच. थोडे जुलाब झाले. ते या गोळीने होतात आणि थांबतात. तिसऱ्या दिवशी आमच्या अनुभवी सिस्टरने डोसचा कागद माझ्यापुढे धरला. “मॅडम, अकरा किलोच्या पोरीला हे जास्त नाही होत?” प्रश्न रास्त होता. किलोच्या हिशेबात हा डोस मोठ्या माणसाच्या नेहमीच्या डोसच्या पुढे जातो, आणि या आजारात तो तसाच लागतो. आम्ही दोघींनी बसून पुन्हा हिशेब मांडला, साखरेचं पाणी आणि ग्लुकोजची बाटली हाताशी ठेवली आणि पुढचा डोस दिला.

त्यानंतर आकडे उतरायला लागले. इन्शुलिन निम्मं केलं, मग त्याच्या निम्मं. एका सकाळी उपाशीपोटी शुगर ९४ आली आणि मी सुई भरू नका म्हणून सांगितलं. आजीने सुईची वेळ झाली म्हणून पोरीचा दंड धरलाच होता. “बाई, इसरल्या का?” तिला समजावलं, पण तिचा विश्वास बसेना. दुपारी पोरगी वरणभात पोटभर जेवली. दोन तासांनी १४२. संध्याकाळी ११८. आजी प्रत्येक वेळी ग्लुकोमीटर उलटसुलट करून बघत होती. आई आली तेव्हा आजीने तिला पहिलं वाक्य सांगितलं, “आज टोचलं न्हाई.” आईने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि ती वॉर्डाच्या मधोमध खाली बसून रडायला लागली.

तिच्या मनात काय साठलं होतं ते त्या संध्याकाळी कळलं. पोटुशी असताना ती आठव्या महिन्यापर्यंत ऊस तोडत होती, मोळ्या वाहत होती. त्यामुळेच लेकराला हे झालं, असं तिला तीन वर्षं ऐकवलं गेलं होतं. मी तिला रिपोर्टचा कागद दाखवून सांगितलं की असा बदल बहुतेक वेळा मुलातच नव्याने घडतो. मोळीमुळे होत नाही, खाण्यापिण्याने होत नाही, कुणाच्या नजरेने होत नाही. नवऱ्यालाही बोलावून त्याच्यासमोर हेच पुन्हा सांगितलं, सासूसमोरही. हे सांगणं मला डोस ठरवण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. मुलगी मोठी झाल्यावर तिच्या प्रत्येक मुलाला हा बदल मिळण्याची शक्यता निम्मी असेल, हेही फाइलवर ठळक लिहून ठेवलं आहे.

पलीकडच्या खाटेवर नऊ वर्षांचा मुलगा होता, सहाव्या वर्षी टाइप १ झालेला. त्याची आई हे सगळं पाहत होती. रात्री ती दाराशी उभी राहिली. “मॅडम, आमच्यालाही ती गोळी लिहून द्या ना.” त्या दिवसातलं सगळ्यात अवघड बोलणं ते. त्याच्या रक्तात बीटा पेशींवर चालून जाणारी प्रतिपिंडं सापडलेली आहेत. ज्या पेशी उरलेल्याच नाहीत त्यांचं दार मिटवून उपयोग नाही, आणि गोळीच्या आशेने इन्शुलिन थांबवलं तर काही दिवसांत जिवावर बेतेल. मी तिला हे गुळमुळीत न बोलता सांगितलं. पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झालेल्या प्रत्येक बाळालाही ही गोळी चालत नाही. आमच्याकडच्या एका तान्ह्या बाळाचा बिघाड इन्शुलिनच्याच जनुकात निघाला. त्याला इन्शुलिनच लागतं आणि लागणार. म्हणून आधी रिपोर्ट, मग गोळी, आणि तीही भरती करून.

मुलगी आता दिवसाला पाच मिलिग्रॅमवर आहे, अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. सी-पेप्टाइड, म्हणजे शरीराने स्वतः बनवलेल्या इन्शुलिनची खूण, आधी मोजण्याइतकंही नव्हतं. आता जेवणानंतर ते वर चढतं. शुगरची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, साडेनऊ टक्क्यांवरून साडेसहावर आली. गोळीनेही शुगर खाली जाऊ शकते, म्हणून आजीच्या कनवटीला गुळाचा खडा कायम असतो आणि ग्लुकोमीटर त्यांच्यासोबतच फिरतो. हंगाम संपल्यावर ते गावाकडे गेले. तिथल्या डॉक्टरांना डोसाचं पत्र दिलं आहे.

त्यानंतर आम्ही ओपीडीतल्या मधुमेही मुलांच्या सगळ्या फाइली काढल्या आणि निदानाचं वय महिन्यांत लिहायला सुरुवात केली. ‘लहानपणापासून’ एवढंच लिहिलेल्या फाइली बऱ्याच निघाल्या. त्या घरांना फोन लावले. एका चौदा वर्षांच्या मुलाच्या वडिलांनी सांगितलं, निदान झालं तेव्हा बारसं होऊन महिना झाला होता. त्याचा नमुना गेला आहे. मोठेपणी गोळीवर येणं जरा अवघड असतं, तरी प्रयत्न करण्यासारखा आहे. रिपोर्ट येईपर्यंत इन्शुलिनचा एकही डोस चुकवायचा नाही, असं मुलाला आणि वडिलांना दोघांनाही बजावलं आहे.